फरशीखालचा जॉइंट

बाबा, “फरशीखाली जॉइंट ठेवते तो वायरमन नाही, चोर आहे चोर.” हे वाक्य तुमचं आहे. विसरला असाल, तर मला पाठ आहे. भंडाऱ्याच्या राइस मिलवाल्या शेठजींच्या बंगल्यात, त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या देवघरात तुम्ही उकिडवे बसला होतात आणि सुट्टीत तुमच्यासोबत आलेली मी डबा घेऊन दारात उभी होते. बारा वर्षांची असेन. हिवाळ्यात म्हातारीचे पाय गारठत, म्हणून शेठजींच्या इंजिनिअरनं कुठूनशी तापणारी वायर मागवली होती आणि ती फरशीखाली पसरायला अख्ख्या जिल्ह्यात तुम्हीच सापडला होतात. चार-चार बोटांच्या अंतरानं ती जाते, वळते, परत येते. एक वेढा दुसऱ्यावर चढत नाही. तेवढ्यात गवंड्याच्या थापीनं वायर कापली जाते. तो म्हणतो, “जोडून टाका न मास्तर, फरशीखाली कोण पाहाले जाते?” तेव्हाचं ते वाक्य. तुम्ही सगळी वायर उपटून काढलीत, दुसरी अखंड वायर पहिल्यापासून अंथरलीत. वायर कुठे गळत नाही ना, ते दाखवणारं इंजिनिअरकडचं हँडल फिरवायचं मीटर तीनदा लावलंत: अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर. म्हातारी अनवाणी उभी राहून म्हणाली, “खाली चूल पेटवली का गा?” त्या दिवशी मला वाटलं, माझ्या बाबांसारखा माणूस नाही.

कापलेल्या वायरचे दोन तुकडे शेठजींनी तुम्हाला देऊन टाकले. ते घेऊन तुम्ही सानगडीला आपल्या घरी आलात आणि आईला म्हणालात, “तुलेही शेठाणीवानी बसवतो.” आई दिवसभर विड्या वळायची. भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात, सूप मांडीवर, खाली थंडगार फरशी. संध्याकाळी उठताना भिंतीला धरून उठायची. तिच्या बसायच्या जागेची फरशी तुम्ही उखडलीत आणि एका रविवारात काम उरकलंत. मीटर आणलं नाहीत. इंजिनिअरला मागितलं असतं, तर त्यानं नाही म्हटलं नसतं. पण बायकोच्या विड्यांच्या जागेसाठी मीटर कोण मागतं?

अकरा दिवस फरशी गरम राहिली. मी मोजले आहेत, कारण त्या अकरा दिवसांत आई गाणं गुणगुणायची. मी शाळेतून आले, की ती सरकून मला जागा द्यायची, “ये, पाय ठेव,” म्हणायची. बाराव्या दिवशी ती किंचाळली. सूप उडालं, तंबाखू सांडली, फ्यूज गेला. फरशीवर टेकलेल्या तिच्या उजव्या हाताला शॉक बसला होता. तुम्ही धावत आलात आणि तो हात हातात घ्यायचा सोडून, शेजारच्या बाया जमलेल्या असताना ओरडलात, “पानाचं पाणी सांडवलं न? हजारदा सांगतलं, खाली लाइन आहे म्हणून! चांगली वस्तू पचतच नाही तुले!”

“मी कोठी सांडवलं जी?” आई म्हणाली.

“चूप बस.”

ती चूप बसली. खाली गोणपाट घालून पुढची किती तरी वर्षं चूप बसली. आणि तुम्ही त्याचा विनोद केलात. पाहुणा आला, की चहाबरोबर तो यायचाच: “हिले गरम फरशी देली, तं हिनं तिले आंघोळ घातली.” पाहुणे हसायचे. आईही हसायची, पदर तोंडाला लावून.

गेल्या महिन्यात मी तिची खोली नव्यानं करायला काढली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, ती ऐंशीची आहे, गुडघे पार गेलेत. फरशीखाली घालायची वायर आता जाळीवर बसवलेली मिळते. मी चौकशा करून घेतली: अखंड, वरून अर्थिंगचं आवरण असलेली. त्या वायरसाठी वेगळा स्विच, जरा गळती झाली की वीज तोडणारा. मीटर तीनदा लावायला लावलं आणि तिन्ही आकडे कागदावर लिहून घेतले. साकोलीहून आलेला फिटर म्हणाला, “बाई, तुम्हाले कोणं शिकवलं?” काय सांगणार?

त्याआधी जुनी फरशीही त्यानंच उचलली होती. पानं भिजवायचं पाण्याचं घमेलं नेहमी दाराशी असायचं. त्याच्या अगदी समोरच्या टोकाला, भिंतीकडे, फरशीची खालची बाजू काळीठिक्कर. तिच्याखाली तुमचा जॉइंट. दोन टोकांना नुसता पीळ, वर टेप, टेपचा कोळसा. फिटर म्हणाला, “पाण्याचा काही संबंध नाही. जॉइंट ढिला होता, तापला अन् जळला. कोण्या येड्यानं केलं हे?” मी म्हटलं, “माझ्या वडिलांनी.” तो वरमला. “तवा सामान कोठी भेटत होतं जी,” म्हणाला. तो तुमची बाजू घेतोय, हे मला सहन झालं नाही. सामानाचा प्रश्न नव्हता. तुम्हाला माहीत होतं. फ्यूज गेला त्या क्षणीही माहीत होतं.

तो जळका तुकडा मी आईच्या हातावर ठेवला. तिनं उलटसुलट पाहिला. म्हणाली, “त्यायच्या हातचं काम असं असूच शकत नाही.”

“मग कोणाचं आहे, आई?”

“मले काय माहीत? पाणी मीच सांडवलं. ते सांगत होते न. मेलेल्या माणसावर कायले आळ घेतं तू?”

नवी फरशी तयार आहे. रोज सकाळी मी स्विच लावते, जागा छान गरम होते. आई ओसरीत गोणपाटावर जाऊन बसते. “माह्यानं बिघडन,” म्हणते. मी समजावते, रागावते, एकदा तर ओढायलाही गेले. तिनं उजवा हात पदराखाली ओढून घेतला, तेव्हा सोडलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. तुमच्या त्या विनोदाला मीही हसायचे. पहिल्यांदा हसले, तेव्हा आईनं तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं होतं.

माझं ती ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही तिच्या स्वप्नात येता, सकाळी ती सांगते, “काल तुह्ये बाबा आले होते, चहा मांगत होते.” तर पुढच्या वेळी चहा मागण्याआधी एवढंच म्हणा, “जॉइंट माझा होता. तू बस.” तुम्ही म्हणणार नाही, मला ठाऊक आहे. चहा घ्याल आणि निघून जाल. तरी मागते आहे.