लोकरीचं टोपरं

मंगळवार, जेवणाची सुट्टी

हट्टी बाईसाहेबांस,

मी इकडं मजेत आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पत्राला कारण, तू फोन उचलत नाहीस.

टाके दुखतात का? दूध काढून ठेवतेस ना? आमच्या शीतगृहात नवं यंत्र आलंय, नुसतं घरघरतं. हमालमामा म्हणतात, "यापेक्षा तू बरा घोरतोस." हसता हसता पेटी पायावर पडली. नख गेलं. असो.

माझ्या आईला तू पोरीच्या खोलीच्या काचेबाहेर उभं केलंस म्हणे. तिनं पोरीच्या डोक्यावर टोपरं घातलं, उशाचं यंत्र ओरडलं, मागोमाग नर्सबाई ओरडल्या, आणि सगळं म्हातारीवर आलं. तिनं माझं नाव घेतलं नाही, कारण ती माझी आई आहे. घालायला मी सांगितलं होतं.

"पोर गार पडलीय, हलत नाही, रडत नाही, तरी पांघरूण घालू देत नाहीत," असं ती फोनवर बोलली आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं आत कुणी डुलकी घेतली तर आधी ओढून बाहेर काढतात, मग शिव्या घालतात. थंडीत निजलेला उठत नाही, एवढंच मला ठाऊक. ओरडलो, "डॉक्टर गेले खड्ड्यात, झाक तिला!"

काल डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. म्हणाल्या, जन्मताना श्वास कोंडला, मेंदूला मार बसला. तो पसरू नये म्हणून तीन दिवस गार ठेवतात, मग हळूहळू ऊब देतात. टोपरं लगेच काढलं, त्यानं बिघडलं नसावं. "नसावं" म्हणाल्या गं, "नाही" म्हणाल्या नाहीत. पुढं पोर कशी होईल, ते आज कुणीच सांगू शकत नाही म्हणे.

आणखी एक. रजा मिळत नाही असं तुला कळवलं, ते खोटं. मी मागितलीच नव्हती. येईन, हाक मारीन आणि ती डोळे उघडणार नाही, या भीतीनं पाय उचलत नव्हता. आज सकाळी मागितली. मुकादम म्हणाला, "मग इतके दिवस काय झोपला होतास?"

मालाचा ट्रक तिकडं निघालाय, त्यातच बसतोय. ड्रायव्हर हे पत्र वर आणून देईल. मला बोलावलं नाहीस तरी चालेल, पण आईला आत घे. ऊब देतील तेव्हा पोरीजवळ आपलं माणूस असू दे.

तू हे वाचशील तेव्हा दवाखान्याच्या फाटकापाशी उभा,
तिचा बाप