अकराचं ताट

आई, ठाकुर्लीच्या मावशींचं हिमोग्लोबिन साडेदहा झालं. झालं गं बाई एकदाचं! दुपारी लॅबमधून कागद आला, मी कणकेच्या हातांनीच तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि आपल्या पाचही बायकांनी लाटणी पोळपाटावर आपटून असा काही दणका उडवला की वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली विचारायला आले, कोणाचं लग्न ठरलं म्हणून. म्हटलं, लग्न नाही हो, ऑपरेशन ठरलं! ते बिचारे चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. सांगण्यासारखं मधे पुष्कळ घडलं, पण आज अगदी राहवेना, म्हणून कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहायला बसले आहे. तुला हसू येईल. शाळेत निबंध लिही म्हटलं की माझं पोट दुखायचं.

आपलं पोळी-भाजी केंद्र आहे तिथेच आहे, डोंबिवलीतल्या त्याच गल्लीत, तळमजल्यावर. तवे चाराचे सहा झाले. कणीक मळायला मशीन आलं, त्याला मावशी अजून बाईंचा, म्हणजे तुझा, जावई म्हणतात, कारण ते आवाज फार करतं आणि काम जेमतेम. बाकी सगळं तुझ्या वेळचंच. सहाला शेगड्या पेटतात, साडेबाराला डबे बाहेर पडतात, आणि अकराला चहा. तो तुझा अकराचा चहा! कप एका हातात, खारी बुडवून तोंडात, दुसऱ्या हाताने तव्यावरची पोळी उलटायची. बसणं नाही, थांबणं नाही. जेवण तीनला, उरलं तर. मी सहावीत असेन. शाळेतून आले आहे, पोटात कावळे ओरडतायत, आणि मी परडीतली पहिली गरम पोळी उचलून गूळ-तूप लावून गुंडाळी केली आहे. तू उलथनं उगारतेस. "लोकांचे डबे जायचेत अजून, आणि तू आधी? लाज वाटते का?" मावशी तेव्हा नुकत्याच कामाला लागलेल्या, ठाकुर्ली गावातून चालत यायच्या. त्यांनी मला पदराआड घेतलं आणि मी ती गुंडाळी त्यांच्या पाठीमागे बसून संपवली. पोळी फार छान लागली होती, हे तुला तेव्हा सांगायची सोय नव्हती.

तर चार महिन्यांपूर्वी काय झालं, मावशी लाटता लाटता खाली बसल्या. पडल्या नाहीत हं, नुसत्या बसल्या. बावीस वर्षं तुझ्याशेजारी आणि नऊ माझ्याशेजारी उभं राहिलेली बाई काम चालू असताना बसली, म्हणून मी तवा सोडून धावले. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, असं हळूच कळलं. "मना काय धाड भरलीय? वय झालंय गो," हे वर. वय वर्षं चौपन्न! मी रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली. आत लाल दिसायला हवं, ते पांढरंफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. पोटात गाठी होत्या, पाळी जायचं नाव घेत नव्हती आणि महिन्यातले दहा-दहा दिवस रक्त जात होतं, दोन वर्षं. कोणाला एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करावंच लागेल, पण हिमोग्लोबिन दहाच्या वर आल्याशिवाय भूल देता येणार नाही. तोवर रक्त थांबवायची गोळी आणि लोहाची गोळी.

मला वाटलं, गोळ्या दिल्या म्हणजे झालं. दीड महिन्याने पुन्हा तपासलं, तर सात पॉइंट दोन! मी तिथेच दवाखान्याच्या बाकावर सुरू झाले. मग एकेक बाहेर आलं. गोळी घेतली की मळमळायचं, म्हणून मावशी ती चहाबरोबर गिळायच्या. पुढे शौचाला काळं व्हायला लागलं, त्यांना वाटलं आतडी जळली, तर गोळ्या सरळ रव्याच्या डब्यात. माझ्या तोंडाचा पट्टा ऐकून डॉक्टरबाई आतून बाहेर आल्या. "ओरडून रक्त वाढत नाही," त्या मला म्हणाल्या, मावशींना नव्हे. मग नीट समजावलं. काळं होणं त्या गोळीनेच होतं, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्याबरोबर. चहा गोळीपासून आणि जेवणापासून निदान तासभर लांब, नाहीतर खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. आणि शेवटी माझ्याकडे वळून, "तुमच्या बायका जेवतात कधी?" मी म्हटलं, तीनला. "आणि सकाळपासून?" म्हटलं, चहा-खारी. अख्ख्या गल्लीला पोळ्या घालणाऱ्या आम्ही!

येताना रिक्षात मला तुझी फार आठवण आली. तूही दुपारी भिंतीला टेकून बसायचीस आणि म्हणायचीस, जरा डोळ्यांपुढे अंधारी आली, होईल बरं. होतही असे. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात तुझं रक्त तपासलं, ते आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हाही हिमोग्लोबिनचा कमी आकडा मी वाचला आणि कागद घडी घालून ठेवून दिला, कारण तुझ्या हृदयाचीच धावपळ इतकी होती. कोणी काही चुकलं असं नाही म्हणत. कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्याच दिवशी मी फर्मान काढलं. अकराला शेगड्या बारीक करायच्या आणि सगळ्यांनी बसून जेवायचं. ताट, पाट, सगळं. डबे निघण्याआधी आम्ही. चहा साडेबारानंतर. आई गं, काय कल्लोळ झाला! त्यांना चिमटा काढला असता तरी चालला असता, पण चहाला हात लावला म्हणजे काय. एक म्हणे डोकं दुखेल, दुसरी म्हणे गिऱ्हाइकाच्या आधी खाणं म्हणजे देवाच्या आधी प्रसाद खाणं. तिसरीने तर, तुला कधी पाहिलं नसताना, तुझ्या फोटोकडे बोट केलं. "बाईंच्या राज्यात असं नव्हतं!" माझं डोकं सटकलं आणि मी ठणकावून सांगितलं, "होतं तर! आईचाच नियम आहे हा. केंद्र सुरू केलं तेव्हा अकराला पहिलं ताट ती स्वतः घ्यायची, पालेभाजी दुप्पट. पुढे काम वाढलं आणि मोडला." सगळ्या तुझ्या फोटोकडे बघायला लागल्या. खोटं बोलताना मी फक्त मावशींकडे बघितलं, कारण तुला ओळखणाऱ्या तेवढ्याच उरल्यात. त्यांनी मान वर केली नाही. त्यांची पोळी गोल फिरत राहिली.

मग काय, तुझ्या नियमापुढे कोण बोलणार? पहिलं ताट तुझ्या फोटोपुढे, मग आमची. कल्याणच्या बाजारातून माठ, चवळई, शेपू येऊ लागली. तू लग्नात दिलेली लोखंडी कढई मी काळी दिसते म्हणून माळ्यावर टाकली होती, ती घासून उतरवली. कधी मोडाची मटकी, वर लिंबू. मावशी घरून सुकटीची चटणी आणतात, आणि शाकाहारी बायका तेवढ्यापुरत्या तोंड फिरवून बसतात. दोघींचं दुपारचं डोकं दुखणं थांबलं. चहाच्या कट्टर बाईने परवा कबूल केलं की साडेबाराचा चहा जास्त लागतो. एक नवी मुलगी लागली आहे, तिला मावशी तुझ्या गोष्टी सांगताना मी ऐकलं. "बाई काय ऐटीत बसायच्या गो! मांडी घालून. म्हणायच्या, पयला घास हाताला, मंग पोळी लोकांना." मला वाटलं, बिचारीला आता खरंच तसं आठवायला लागलंय. इतक्या वर्षांनी होतं माणसाचं.

आज दणका ओसरल्यावर सगळ्या गेल्या आणि मावशी चपला घालता घालता थांबल्या. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, भीती वाटते का विचारलं, तर म्हणाल्या, "भीती कसली? जेवलेली हाय मी." आणि मग तुझ्या फोटोकडे बघत, अगदी सहज, "तुजी आई खारीवर जगली गो. येक दिवस अकराला जेवली नाय. मी बाजूलाच व्हते ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललात, आणि वर त्या पोरीला मांडी घातल्याचंही सांगता? मावशींनी फोटोवरचं पीठ पदराने पुसलं. "आता तरी जेवू दे ना तिला," म्हणाल्या, आणि गेल्या. मी ओट्याला टेकून रडले आणि हसले, दोन्ही एकदम, शेगडी बंद करायची राहिली.

हे पत्र कुठे पाठवणार, खारीच्या रिकाम्या डब्यात ठेवते. फक्त एक राहिलं. दाराबाहेरून मावशी परत वळल्या होत्या आणि विचारलं, "आनि तुजं किती?" मी म्हटलं, बारा. आई, मी कधी तपासलंच नाही गं, मला सुईची भीती वाटते. सोमवारी जाते. मावशींना सांगू नकोस.