तळाची ओळ

ता. ९, रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. उमेदवार झालास तरी माझ्यासाठी बाळ्याच. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा दुखतो, पण तुझी सभा म्हटली की जिने चढून शेजारणींना बोलावून आणते. छापखान्यातलं मोठं यंत्र आज बंद आहे. बिघडलेलं नाही, मीच बंद ठेवलंय. ते पुढे लिहिते.

सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. उगाच शाईचे डबे इकडचे तिकडे करते, परत बसते.

तुझा तो वकील मित्र परवा पोस्टरची ऑर्डर घेऊन आला. चाळीस हजार प्रती! पैसे आगाऊ, रोख. द्यायला कोण आलं, तर टँकरवाल्या शेठचा मुनीम. ज्याच्यामुळे आपल्या नळाला पाणी येत नाही असं तू सभांमधून सांगतोस, तोच शेठ. मी विचारलं, "अहो, हे पैसे याच पोस्टरचे ना? पत्ता तर नाही चुकला?"

वकील हसला. "ताई, हात आखडून निवडणूक लढवता येते का? आणि हो, तळाच्या ओळीत प्रती एक हजारच टाका. खर्चाची मर्यादा आहे ना!"

तळाच्या ओळीबद्दल तुला मी काय सांगू? मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या, कायद्याने सक्तीची. त्यावरूनच निवडणूक कचेरी तुमचा खर्च धरते. नगरपालिकेत नगरसेवक होतास तेव्हा तूच घसा कोरडा करत होतास, की एवढ्याने भागणार नाही. पैसे देणाऱ्याचं नावही तिथेच छापायला सरकारने लावावं, आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या प्रचाराचा खर्च सरकारने उचलावा. आई टाळ्या वाजवत होती, मीही. किती अभिमान वाटला होता!

मला वाटलं, वकिलाने परस्पर उद्योग केला असणार. तुला फोन करणारच होते, एवढ्यात नमुना प्रत तपासून परत आली. फोटोजवळ लिहिलेलं, "थोडा मोठा करा." शेजारी वाकडा बाण. तो बाण मी तुझ्या शाळेच्या वह्यांत पाहिलाय, बाळ्या. आणि तळाच्या ओळीपुढे बरोबरची खूण, त्याच पेनाची.

तेव्हाच यंत्र बंद केलं. राग येतो, मग रडू येतं. तुझे भावोजी म्हणतात, "छापून टाक, घरचाच आहे." घरचा आहे म्हणूनच हात चालत नाही रे. तू हरशील याची मला भीती नाही. जिंकशील आणि शेठपुढे तोंड उघडता येणार नाही, याची वाटते.

पैसे मी परत पाठवलेत. दुसरा कुणीही छापून देईल, मला ठाऊक आहे. म्हणून उद्या कचेरी उघडताच स्वतः जा आणि कोणाचे पैसे येत होते ते सांग. हे पत्र भावोजींच्या हाती देतेय, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

एरवी 'तुझी ताई' लिहून मोकळी होते. आज तळाची ओळ पूर्ण लिहिते, आणि खरी लिहिते.

मुद्रक : तुझी ताई.
प्रती : दोन. एक तुला, दुसरी निवडणूक कचेरीला. उद्या तू माझ्याआधी पोचलास, तर दुसरी मी दारातच फाडून टाकीन.