बोल, पण उत्तर देऊ नकोस

१ डिसेंबर, रविवार

नाताळाआधीच्या आगमनकाळाची, चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांतली पहिली, यंदा मी लावली. दरवर्षी ओतोनिएल लावतो आणि काडी बोटापर्यंत जळू देतो, मी किंचाळावं म्हणून. आता त्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असतो. काडीपेटी डाव्या हातात दिली, तर त्याने ती बाजूला ठेवली. बरं, राहू दे!

फादर म्हणाले, हा काळ वाट पाहण्याचा. मला हे कुणी सांगायला नको. सप्टेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मी दुसरं करतेय काय? आयुष्यभर बडबड करून ज्या नवऱ्याने माझं डोकं खाल्लं, तो आता "आ" आणि "ना" म्हणतो. पूर्वी मी म्हणायचे, देवा, याला पाच मिनिटं तरी गप्प कर. असलं काही मागू नये माणसाने.

४ डिसेंबर

यामिले येऊन गेली. दवाखान्यातून येते ती, त्याला बोलायला शिकवते. आज कॉफीतला "कॉ" आला! "फी" राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि त्याच्या कपात गुळाचा खडा जास्त टाकला.

७ डिसेंबर

मेणबत्त्यांची रात्र. सगळ्या गल्लीने दारापुढे ओळी लावल्या. वाऱ्याने नेमकी त्याच्या नावाची विझली. कुणाच्या लक्षात यायच्या आत धावत जाऊन परत लावली.

१५ डिसेंबर, रविवार

तिसरी मेणबत्ती, गुलाबी. आनंदाची म्हणे! लावली. आज "कॉफी" जवळजवळ पूर्ण म्हणाला. उद्यापासून नोव्हेना, नाताळपर्यंत नऊ रात्री घरोघरी प्रार्थना; पहिली रात्र आमच्याकडे. मला नको होती, पण मार्लेनी ऐकेना. "अगं, तू दार लावून बसलीस तर तो बाळ येशू यायचा कुठून?" शेजारीण आहे की छळ!

१६ डिसेंबर

आजचा दिवस पुसून टाकता आला तर.

सगळे आले. प्रार्थना झाली, पोरांनी खुळखुळे वाजवून गाणी म्हटली, बाळ येशूच्या गोठ्याला शेवाळ लावून झालं. मग नेहमीचा दंगा — नाताळपर्यंत कुणी कुठली पैज खेळायची. मार्लेनीने "तोंडात काडी" घेतली, काडीशिवाय सापडली की हरली. तिच्या नवऱ्याने "द्यायचं, पण घ्यायचं नाही". ओतोनिएलची पैज लग्नापासून एकच: "बोल, पण उत्तर देऊ नकोस". दोघांपैकी कुणीही बोलावं, जो उत्तर देईल तो हरला. मग जिंकणारा "माझा आगिनाल्दो!" असं ओरडून नाताळची भेट वसूल करतो. दरवर्षी मीच हरायची. मी न्हाणीत असले की बाहेरून विचारायचा, "फाबियोला, गॅस बंद केलास?" आणि मी मूर्ख, साबण लावलेल्या तोंडाने — "केला!"

मार्लेनीने विचारलं, "आणि तुम्ही दोघं?"

माझं तोंड सुटलं. "आमचं तेच! यंदा निदान त्याला हरायची भीती नाही!"

सगळे हसले. मग एकदम कुणीच हसेना. ओतोनिएलने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग मान भिंतीकडे वळवली.

माझ्या जिभेला हाड नाही. त्याच्याच तऱ्हेची थट्टा होती ती. पूर्वी केली असती तर तो टेबलावर हात आपटून हसला असता. पण पूर्वी त्याला परत टोला देता यायचा ना! ज्याचं तोंड बंद झालंय, त्याची चारचौघांत थट्टा केली मी.

१७ डिसेंबर

सकाळी विचारलं, कॉफी? काही नाही. "आ"सुद्धा नाही. ओठ मिटलेले.

१८ डिसेंबर

तेच. दुपारी सूप भरवताना म्हटलं, चुकले रे, माफ कर. माझ्याकडे बघत सूप प्यायला. शब्द नाही, आवाज नाही. मीठ कमी होतं, तरी "ना" केलं नाही. आणि मीठ कमी पडलं म्हणून हा माणूस लग्नाच्या जेवणातसुद्धा बोलला होता!

१९ डिसेंबर

यामिले आल्यावर मी नेहमीसारखी शेजारी बसले. त्याने डाव्या हाताने मला दार दाखवलं. मला! माझ्याच घरात! मी बाहेर जाऊन कपडे वाळत घातले, वाळलेलेच परत घातले.

जाताना यामिलेला विचारलं, "बिघडलाय का गं? माझ्यामुळे गेलं का होतं तेवढं?" ती बुटाच्या नाड्या बांधत म्हणाली, "दोन्या फाबियोला, धीर धरा." मान वर केली नाही. वाईट बातमी सांगायची असली की माणसं अशीच खाली बघतात.

२० डिसेंबर

आज त्याच्या पायाशी बसले. रागव, म्हटलं. थूक माझ्यावर. पण काहीतरी बोल! त्याचे डोळे भरून आले. ओठ हलले — मी कान जवळ नेला. मग त्याने ओठ दातांखाली दाबून धरला आणि माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला.

त्याने माफ केलंय बहुतेक. पण मला माफी नको आहे. मला ते "कॉ" हवंय परत.

२२ डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती. आजची नोव्हेना खरं तर कोपऱ्यावरच्या घरात होती. आम्ही जाणार नव्हतो. तर संध्याकाळी सगळी वरात आमच्याच दारात, पुढे मार्लेनी, हातात दुधाच्या गोड नातियाचं पातेलं. "तू येत नाहीस, मग आम्हीच आलो. आणि रडत असशील तर आधी ताटल्या काढ, मग रड."

ताटल्या काढल्या. गाणी चालू असताना ओतोनिएल डाव्या हाताने गुडघ्यावर ताल धरत होता. चारही मेणबत्त्या पेटलेल्या, घर माणसांनी भरलेलं. खूप दिवसांनी बरं वाटलं. बोलला नाही तर नाही. तो आहे. मी दोघांच्या वाटचं बोलेन. तसंही मला कुठे गप्प बसता येतं?

तरी सोळा तारखेची ती रात्र मला परत द्यावी कुणीतरी. एवढं एकच वाक्य मी गिळलं असतं.

२३ डिसेंबर

यामिले सुट्टी असून आली. परत मला बाहेर काढलं.

२४ डिसेंबर

बुन्युएलो तळत होते, पाठ दाराकडे. मागून आवाज आला, जड, तुटक —

"फा-बि-यो-ला."

"आले, आले! तेल तापलंय!"

म्हटलं, आणि हातातला झारा खाली पडला. वळले. तो खुर्चीत, अर्ध्या तोंडाने हसत, घामाघूम. डावा हात पुढे पसरलेला. "आ-गि-नाल-दो!"

खेळत होता! सोळापासून! मी रडले, पाया पडले, ते सगळं त्याने पैज म्हणून झेललं, लबाडाने! आणि मला बाहेर काढून यामिलेबरोबर माझंच नाव घोकत होता.

बुन्युएलो करपले. मी हरले.