बाबांची पेटी आणि माझा नवा जन्म

६ नोव्हेंबर १९८८, रविवार. कल्याण.
आज आमच्या चर्चच्या उज्जीवन सभेत माझा नवा जन्म झाला. हात वर करणाऱ्यांत मी पहिला. खरं तर दुसरा, पण पहिल्याचा हात नीट वर नव्हता.
जुना आनंद मेला. रागीट, हेकट, मनात धरून ठेवणारा. नवा आनंद प्रीतीत वाढणार. पवित्र शास्त्रातला, बायबलातला प्रीतीचा अध्याय तोंडपाठ करणार. धाकट्या भावाला, जगनला, माफ करणार. बाबा गेल्यावर त्यांची बाजाची पेटी तो विठ्ठलवाडीला घेऊन गेला. मला विचारलंसुद्धा नाही. मला वाजवता येत नाही हा मुद्दा वेगळा. थोरला कोण? तीन वर्षं बोलणं बंद आहे.
कापणीच्या सणाला, देवाने मला कसं बदललं याची मी सगळ्यांसमोर साक्ष देणार, असं पाळकसाहेबांना सांगूनही टाकलं. त्यांनी विचारलं, जगनशी बोललात का? म्हटलं, प्रोसेस चालू आहे.
मंजुळेला नव्या जन्माचं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता पहाटेचं पाणी तुम्ही भरा.
उद्यापासून.

७ नोव्हें.
पहाटे प्रार्थनेत होतो. गादीवरच. पाणी मंजुळेने भरलं.

९ नोव्हें. दिवाळी.
शेजारच्या हौसाबाईंच्या नातवंडांनी दारात सुतळी बॉम्ब लावले. पहिल्या दोन बॉम्बांपर्यंत मुलांवर प्रीती केली. तिसऱ्याला गॅलरीत जाऊन काय बोललो ते इथे लिहीत नाही. नंतर प्रीतीचा अध्याय मोठ्याने वाचला, त्यांनाही ऐकू जावा म्हणून.
संध्याकाळी हौसाबाईंनी चकल्या पाठवल्या. खुसखुशीत. प्रीती वाढते आहे.

१३ नोव्हें., रविवार
जगन उपासनेला आमच्या देवळात आला होता. मी माफ करायच्या पूर्ण तयारीत. त्याने फक्त आधी माफी मागायची, एवढंच बाकी होतं. तर हा हात पुढे करून म्हणतो, "सलाम, दादा."
माफीचं नाव नाही! मी खाली वाकून बुटाची लेस बांधली. पायात चपला होत्या, पण त्या वेळी सुचलं ते केलं.

१८ नोव्हें.
साक्ष लिहून झाली. मंजुळेला वाचून दाखवली. ती म्हणाली, यात देवापेक्षा जगनच जास्त वेळा आलाय. मुद्दा योग्य वाटला. शिवाय साक्ष लांबत होती. म्हणून देवाचा एक उल्लेख काढला.
पाणी: उद्यापासून नक्की.

२६ नोव्हें.
नवा रुमाल घेतला. साक्ष देताना डोळे भरून येणार. आरशासमोर दोनदा आले.

२७ नोव्हें., कापणीचा सण
साक्ष उत्तम झाली. एक जण रडला. तान्हं बाळ होतं, पण वेळ बरोबर साधली.
मग देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव. भोपळे, नारळ, अंडी, एक कोंबडा. हा कार्यक्रम मला नेहमी आवडतो. आणि शेवटी टेबलावर बाबांची पेटी! जगनने देवाला अर्पण केली म्हणे. अंगाचा भडका उडाला. माझी पेटी हा देवाला देणार?
मी बोली लावली. कोणी वर गेलं की मी आणखी वर. दिवाळीचा बोनस गेला. मंजुळेचा मिक्सर त्यातून यायचा होता. पण पेटी माझी झाली. तीन वर्षांनी! विजयाने उभा राहिलो.
आपल्याकडे रीत अशी की घेतलेली वस्तू लोक देवाला परत देतात आणि ती पुन्हा लिलावात निघते. हे माझ्या लक्षात होतं. लक्षात ठेवायचं नव्हतं. पाळकसाहेब माझी साक्ष ऐकून भारावले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आनंदरावांनी ही पेटी पुन्हा देवाला दिली आहे."
टाळ्या. नाही कसं म्हणणार? अर्ध्या तासापूर्वी मीच प्रीतीवर बोललो होतो.
दुसऱ्या लिलावात कोणाच्याच खिशात काही उरलं नव्हतं. जगनला पेटी भोपळ्याच्या भावात मिळाली.
जेवणाला थांबलो नाही. रुमाल आता वापरला.

२८ नोव्हें.
संध्याकाळी जगन दारात. खांद्यावर पेटी. घामाघूम. आत आला, पेटी बाबांच्या फोटोखाली ठेवली.
"दादा, हिच्यापायी भाऊ गेला, म्हणून देवाला दिली होती. ती परत आलीय. आता तुझ्याकडे राहू दे. मी न विचारता नेली, चुकलंच माझं."
माफी! महिनाभर याचं उत्तर पाठ केलं होतं. एक वाक्य आठवेल तर शपथ. म्हटलं, चहा घेशील?
मंजुळा हसत त्याला सांगायला लागली की पेटी यांनी सोडली नव्हती, पाळकसाहेबांनी सोडवली.
"माहीत आहे वहिनी," जगन म्हणाला. "दादाचा चेहरा मला समोरून दिसत होता."
माहीत असून घेऊन आला. मला फार लाज वाटली. आणि फार बरंही वाटलं. मग त्याने बाबांचं आवडतं भजन वाजवलं. हौसाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी गायलो. बेसूर, पण कोणी थांबवलं नाही. उशीर झाला म्हणून मी जगनला ठेवूनच घेतलं.
नवा जन्म झाला एवढं नक्की. माझा की त्याचा, ते पाळकसाहेबांना विचारायला हवं.
उद्या पाणी मीच भरणार. हे मात्र फायनल.

२९ नोव्हें.
जाग आली तेव्हा हंडे भरलेले. जगनने भरले.