पावलांची असिस्टंट

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (पूर्वी हा शब्द मी नुसता लिहायचे. आताची नोकरी अशी आहे की दिवसातून एखाददा तो प्रत्यक्षात घडतो, त्याबद्दल पुढे.) तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाब ताब्यात आहे ना? समोरच्यांशी गाडी लावण्यावरून चाललेलं भांडण अजून चालू असेल तर माझा पाठिंबा कळवा आणि मिटलं असेल तर आनंद कळवा. मामींना नमस्कार. त्यांची तब्येत मी विचारत नाही, कारण त्यांच्याशी माझं फोनवर बोलणं होत असतं. तुम्हाला मात्र मुद्दाम पत्र, कारण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही.

विम्याच्या कचेरीतली बरी खुर्ची सोडून मी सिनेमाच्या धंद्यात जाते म्हटल्यावर घरात काय झालं, ते तुम्ही पाहिलंच आहे. आई रडली. बाबा वर्तमानपत्राच्या आड गेले आणि तिथूनच बोलत राहिले. तुम्ही एकटे म्हणालात, "जाऊ द्या पोरीला. नाही जमलं तर मी जबाबदार." हे वाक्य बाबांनी जपून ठेवलंय. हल्ली फोनवर ते मी जेवले का हे विचारत नाहीत, विचारतात, "मामा अजून जबाबदार आहे ना?" तेव्हा इथलं माझं बरंवाईट तुमच्या अब्रूशी बांधलेलं आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सिनेमाचा धंदा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर झगमगाट आला असेल. तो पुसून टाका. एका छापखान्याच्या मागे, जिना उतरून गेलं की एक जाड दार लागतं. त्याच्या आत आमचा स्टुडिओ. इथे सिनेमाला आवाज लावतात. (शूटिंगच्या वेळी वाऱ्याचा, गाड्यांचा, कुणाच्या तरी शिंकेचा इतका आवाज येतो की पावलं, कपड्यांची सळसळ, दारांची करकर हे सगळं मागाहून नव्याने करावं लागतं.) मुलाखत घेतली ती इथल्या मुख्य साउंड रेकॉर्डिस्टांनी. ते बोलतात कमी आणि ओठांवर बोट ठेवतात जास्त, म्हणून त्यांना सगळे पाठीमागे 'शूसाहेब' म्हणतात. मी गाणं येतं, नाटकात काम केलंय, तीन भाषा येतात, असं सगळं तयार करून गेले होते. त्यांनी विचारलं, "गप्प बसता येतं?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग बस." आणि मला माइकसमोर स्टुलावर बसवून ते काचेपलीकडे निघून गेले. मामा, आपल्या घराण्यात गप्प बसायची परीक्षा आजवर कुणी दिलेली नाही. मीही नापासच झाले असते, कारण घाबरून सकाळी काही खाल्लं नव्हतं आणि ऐन शांततेत माझं पोट असं काही बोललं की काचेपलीकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. पण त्यांना एका सिनेमातल्या सरोवरासाठी बुडबुडे हवे होते. ते माझ्या पोटावर भागले आणि मला उमेदवारीवर घेतलं.

हुद्दा असिस्टंट. बाबांनी विचारलं, "कुणाची?" मी खरं ते सांगितलं, "पावलांची." त्यावर बराच वेळ फोनमधून नुसता वर्तमानपत्राचा आवाज आला.

आता ही पावलं म्हणजे काय, तर इथे एक मिशाळ, गोलमटोल गृहस्थ आहेत, त्यांना सगळे पावलंकाका म्हणतात. पडद्यावर जो चालेल त्याच्यासाठी ते चालतात. नायिका जिन्यावरून लाजत उतरते ती त्यांच्या पायांनी, उंच टाचांचे बूट घालून. मी त्यांचे बूट लावते, वाळू झाडते, खडी पसरते, मोडणाऱ्या हाडांसाठी गाजरं आणते. (मोडलेली गाजरं नंतर आम्हीच खातो. गेल्या आठवड्यात मोठं युद्ध होतं. अजून गाजराकडे बघवत नाही.) एक गोष्ट सांगते, पण ती आईला सांगू नका. तिच्या आवडत्या सिनेमात, ते दोघं बागेत भेटतात आणि तिचे डोळे भरून येतात, तिथे जो चुंबनाचा आवाज आहे, तो पावलंकाकांनी स्वतःच्याच मनगटाची घेतलेली पापी आहे.

माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. माझं जाकीट चालताना कुरकुरतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी बाहेर टांगायला लावलं. मग काकांच्या खोकल्यासाठी पाणी आणायला धावताना खडीवर आडवी झाले (हाच तो साष्टांग), तेव्हा शूसाहेब काचेपलीकडून म्हणाले, "सैनिक पडला तो छान पडला, पण त्याच्या तोंडी 'आई गं' नको होतं." असे दिवस गेले आणि महिनाअखेर आली. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी राजदरबार आला. मोठा सिनेमा. दरबारात शेकडो माणसांची कुजबुज चाललेली असते, राजा हात वर करतो आणि सगळे एकदम चूप होतात, असा प्रसंग. कुजबुजीसाठी बोलावलेली निम्मी मंडळी आलीच नाहीत, म्हणून हिशेबनीस, झाडणाऱ्या बाई, पावलंकाका, मी, सगळ्यांना माइकभोवती उभं केलं. शूसाहेबांनी सांगितलं, "तोंडाला येईल ते बोला, फक्त शब्द कळता कामा नयेत. आणि राजाचा हात वर गेला की बंद." मला वाटलं, हीच आपली संधी. मी जीव ओतला. दरबारी भाव यावा म्हणून डोळेसुद्धा मिटून घेतले. मामा, मिटलेल्या डोळ्यांना राजाचा हात दिसत नाही. सगळा दरबार चिडीचूप झाला आणि त्या शांततेत माझ्या एकटीचा आवाज खणखणीत घुमला, "...आणि आमचे मामा घोरायला लागले ना, की शेजारचे उठून बघतात, आपल्या गाडीचं इंजिन चालू राहिलंय की काय!"

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. हिशेबनीस भिंतीकडे तोंड करून हलत होता. सिनेमाचे दिग्दर्शक स्वतः काचेपलीकडे बसलेले. शूसाहेबांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि बोटाने मला आत बोलावलं. त्या चार पावलांत मला बाबांचा पुढचा फोन पूर्ण ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, त्यात माझ्यापेक्षा तुमचा विचार जास्त होता.

शूसाहेबांनी दार लावलं. पण ओरडले नाहीत. मामा कुठे असतात, वय काय, तब्येत कशी, सर्दी वगैरे होते का, अशी फार आपुलकीने चौकशी केली. मला वाटलं, काढून टाकण्याआधी घरच्यांची विचारपूस करणारा माणूस, किती सभ्य! मग दिग्दर्शकांशी हळू आवाजात काही बोलले आणि मला म्हणाले, "तुला कायम करू. एक लहानसं काम तेवढं कर." ते काम किरकोळ आहे, उगाच त्याने पत्र लांबवत नाही. बाबांना कळवा, की मी तुमच्या शब्दाला जागले. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाची

ता. क. : त्या किरकोळ कामाबद्दल. सिनेमात एक डोंगराएवढा राक्षस आहे आणि तो बराच वेळ गुहेत झोपलेला असतो. त्याच्यासाठी शूसाहेबांनी ट्रॅक्टर लावून पाहिला, पाण्याचा पंप लावून पाहिला, स्वतः घोरून पाहिलं. दिग्दर्शकांना एकही पटेना. तुम्ही घोरत नाही, डोळे मिटून विचार करत पडलेले असता, हे मला ठाऊक आहे. तोच विचार इथे येऊन, माइकखाली करायचा आहे. पलंग मऊ आहे, मी स्वतः पाहिलाय.

ता. क. २ : रागावू नका, पण मामींनी तुमच्या दुपारच्या विचारांचा नमुना फोनवर टिपून पाठवलाय. काल मोठ्या स्पीकरवर लावला, तेव्हा छापखान्यातून एक माणूस आमचं काय पडलं ते बघायला आला. दिग्दर्शकांनी पूर्ण ऐकला आणि गहिवरून म्हणाले, "या राक्षसाला लहानपणी कुणीतरी फार दुखावलंय."

ता. क. ३ : तुमची बॅग मामींनी भरून ठेवली आहे. एका रात्रीत काम होईल, असं मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की या सिनेमाचा दुसरा भाग निघणार आहे का.