मोहाखालची आग

८ मार्च
डोंगरावरचा झिरा आत्ताच करंगळीएवढा झाला. माझं लग्न झालं तेव्हा जेठातही घागर बुडायची. गावाच्या सभेत मीच उठले. म्हटलं, यंदा मोहाखालचा पाला कोणी जाळायचा नाही, झाडूनच फुलं वेचायची. आग वर गेली तर पाणी धरायला झिऱ्याभोवती लावलेले बांबू गेले. जो जाळेल त्याच्या झाडांची फुलं यंदा गावाची, हा दंडही माझाच. बाया हो म्हणाल्या. घरी आल्यावर हे म्हणाले, लई पुढारी होऊन राहिली तू. बरं वाटलं.

१५ मार्च
झाडून झाडून कंबर गेली. सासूची खाटेवरून बडबड चालूच. पाला जाळला की जमीन साफ, फूल आपोआप दिसते, तुमचं सगळं उलटंच. गुडघे गेलेत, तरी काठी टेकत झाडापाशी येतेच. राग येतो, कीवही येते. फागुन असून गरम वाफा.

१९ मार्च
डोंगर जळला. सकाळीच वारा सुटला. सारं गाव डहाळ्या घेऊन धावलं, काही उपयोग नाही. बांबू गेले. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी नेऊन जगवलेले. झिऱ्यात नुसती राख. लोकांसमोर रडले.

२० मार्च
आग आमच्या आणि धुरपताकाकीच्या झाडांमधून वर चढली. काकी शेजारीण, एकटी, मागेपुढे कोणी नाही. त्या चार मोहांवरच तिचं वर्ष निघते. गावात तिचंच नाव घेऊन राहिले.

२१ मार्च
सासूनं आज सांगितलं. चुलीपाशी, माझ्याकडे न बघता.
"पहाटीच लावली. तवा दव असते, आग झाडाखालीच मरते. जलमभर अशीच लावली. यंदा दवच नोहोतं, मी का करू?"
हे म्हणाले, कोणी पाहिलं नाही, गप राहा. फुलं गेली तर धानाचं बियाणं कुठून आणशील? खरंच आहे ते. दंड माझाच. कुठून बुद्धी सुचली मला, मेली.

२२ मार्च
सासूशी बोलले नाही. ती एकटीच नवा पडलेला पाला झाडत होती, बसून बसून, सरकत. जाऊन झाडू घेतला हातातून.

२३ मार्च
काकी आली. वाटलं, भांडेल. ओट्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं.
"माहीच चूक असन, सुमन. आदल्या दिवशी चुलीची राख मीच टाकली होती तिकडं. इंगळ राहिला असन एखादा. तुहं ऐकतात लोक. माह्यासाठी दोन शब्द बोलजो."
सासू दाराआड उभी. बाहेर आली नाही. मी चहा दिला. बोलीन म्हटलं. काय बोलीन ते...
काकी गेली तेव्हा हलकी वाटली, माझ्यावर भार टाकून. सासू जेवली नाही, मीही नाही. हे जेवले.
उद्या सकाळी सभा. काकी म्हणाली, तुह्याच बाजूला बसतो, मले भेव लागते.